भुवईवरची निळी रेघ

सिस्टर, काल संध्याकाळी माझ्या नातीने मला तुमचं एक वाक्य ऐकवलं, आणि ते मी तिला कधीच सांगितलेलं नाही. म्हणून लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आपल्या वर्गातल्या मुली आता आज्या झाल्या. मी सिंगापूरला मुलाकडे असते, चोआ चू कांगला. मुलगा सकाळी कंपनीच्या बसने जुरोंग आयलंडला जातो, सून घरूनच लॅपटॉपवर काम करते, आणि शाळेतून आल्यावर सात वर्षांची नात माझी असते. निदान परवापरवापर्यंत होती.

झालं असं, की शाळेतल्या बाईंनी सुनेला सांगितलं, मुलगी भाषांची सरमिसळ करते, निबंधात मागे पडते. सून वाईट नाही हो, घाबरली. म्हणाली, "आई, थोडे दिवस घरात इंग्लिशच बोलू या ना. तुमचं तर किती छान आहे." मी बोलू लागले. नात खिदळली, "आजी, यू टॉक लाइक अ क्वीन, लाह!" लाह म्हणजे काही नाही, इथल्या बोलण्याचं शेपूट. पण तुम्ही शिकवलेल्या त्या इंग्रजीत तिला मांडीवर घेऊन बोलण्यासारखं मला काही सुचेना. जेवलीस का, अभ्यास झाला का, एवढंच. ती दुसऱ्या खोलीत जाऊन बसू लागली. मग सुनेने त्याचा खेळ केला. रिबिनीत ओवलेली लाकडी चकती. जो मराठी बोलेल त्याच्या गळ्यात, आणि दुसऱ्या कुणाला पकडेपर्यंत उतरवायची नाही. झोपताना ज्याच्या गळ्यात, त्याला आइस्क्रीम बंद. हे तिला कुणी सुचवलं, सिस्टर? मी तर नाही. ती चकती पाहिली आणि माझी मान आपोआप खाली गेली.

छावणीतली आपली शाळा. मधली सुट्टी. माझ्या गळ्यात सुतळीने बांधलेली फळी आहे, कारण मी मैत्रिणीकडे मराठीत खोडरबर मागितलं. मराठी बोलणारी दुसरी पोर शोधत मी कडुलिंबाखाली फिरते आहे. शेवटच्या घंटेला फळी जिच्या गळ्यात, तिच्या हातावर रूळ बसतो. तुम्ही वेल्सहून नुकत्याच आलेल्या. तुम्ही माझं मनगट धरता. चेहरा चुन्यासारखा पांढरा, फक्त भुवईवरची ती निळी रेघ तेवढी जिवंत. "ठेव ती," तुम्ही दरडावता. "कुणालाही देऊ नकोस. कुणी पुढे दिलीच नाही, तर खेळ संपतो." शेवटच्या घंटेला माझ्या हाताशेजारी तुम्ही तुमचाही हात पुढे केलात. मोठ्या सिस्टरांचा रूळ हवेतच राहिला.

नंतर कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात तुम्ही मला लोणी लावलेला पाव दिलात आणि सांगितलंत की तुमच्या आजीच्या गळ्यातही अशीच फळी असायची, वेल्श बोलल्याबद्दल. तुमची आई आयरिश कॅथलिक, म्हणून तुम्ही नन झालात. वडील मात्र खाणकामगार, पक्के युनियनवाले. मोठ्या संपात घरातली चूल विझली तेव्हा तुम्ही खाणीतल्या टाकाऊ दगडमातीच्या ढिगाऱ्यावर कोळसा वेचायला गेलात, घसरलात, जखमेत कोळसा राहिला आणि ती निळी भरून आली. वडील म्हणत, मजुराला देश नसतो, त्याला युनियन असते. काकांना हवी होती आपली भाषा आणि आपली विधानसभा. "जेवताना दोघं टेबलावर मुठी आपटायचे," तुम्ही हसलात, "पण भांडायचे वेल्शमध्येच." फळीबद्दल मात्र त्यांचं एकमत होतं. मालकाला फार माणसं लागत नाहीत, शेजाऱ्याकडे बोट दाखवणारा एक पुरतो. पुढे तुमच्या देशाला विधानसभा मिळाली, अगदी निसटत्या मतांनी. तुम्ही नव्हतात. खाणीही तोवर बहुतेक मिटल्या होत्या. मी ती बातमी वाचून उगाचच स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले होते.

तर काल चकती नातीच्या गळ्यात होती. ती खालून खेळून आली. तिला सोडवावं म्हणून मी मुद्दाम मराठीत म्हटलं, "बाळा, हातपाय धुऊन ये," आणि मान पुढे केली. सून लॅपटॉपमागून ओरडली, "आजी कॉट! गिव्ह इट टू हर." नातीने चकती मुठीत घट्ट धरली.

"नो. नॉट गिव्हिंग."

"का गं?"

"आंटी सेड. कीप इट, डोन्ट गिव्ह एनीवन. इफ नोबडी गिव्ह, गेम ओव्हर, लाह."

"कुठली आंटी?"

"डाउनस्टेअर्स वन. व्हॉइड डेक. ओल्ड, व्हेरी व्हाइट. शी गॉट ब्लू हिअर." आणि तिने स्वतःच्या भुवईवरून बोट फिरवलं.

सून म्हणाली, "इनफ स्टोरीज. गिव्ह इट टू आजी." नात म्हणाली, "नाही देणार." स्वच्छ मराठीत. दारात मुलगा बूट काढत उभा होता, कंपनीचा पास अजून गळ्यातच. त्याने तिच्या गळ्याकडे पाहिलं, आपल्या पासाकडे पाहिलं. "राहू दे," तो म्हणाला. "मीपण बोललो मराठीत. आता सगळ्यांचंच आइस्क्रीम बंद." सून आधी हसली, मग तिचे डोळे भरून आले. "निबंधाचं मग तुम्हीच बघा," ती म्हणाली, आणि तीही मराठीतच.

मी खाली गेले. इमारतीखालच्या त्या मोकळ्या जागेत कुणी नव्हतं. बुद्धिबळाचे चौकोन कोरलेलं दगडी टेबल, भोवती स्टुलं. एक स्टूल ओलं होतं, आणि गॅसवर स्वयंपाक करणाऱ्या या शहरात मला ओल्या कोळशाच्या धुराचा वास आला. आज चकती दाराच्या खिळ्याला आहे. पंखा बंद असतानाही हलते, असं सून म्हणते. नात माझ्या मांडीवर लोळत बडबडते आहे, अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं.

हे पत्र कुठे जाणार नाही. मराठीत लिहिलंय, आणि तुम्हाला तर "बस खाली" याच्यापलीकडे मराठी आलं नाही. एकच सांगते. शेजारच्या ब्लॉकमध्ये कुणी गोरी म्हातारी राहते का, हे शेजाऱ्यांना विचारायला लिफ्टपर्यंत जायचं फक्त. मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही.