दंडावरची पट्टी

अर्नाळा, रविवार दुपार

प्रिय विनी,

पहिल्या आठवड्याचे आकडे खोडायच्या आधी हे पत्र वाच, बाय.

तू दंडावर चिकटवून गेलेली घामाची पट्टी जागेवर आहे. मासळीबाजारात तिचाच बोलबाला! शेजारी बसणारी अँजेलिना म्हणते, लेक एवढी शिकली आणि आईला ठिगळ लावून गेली. मी बाही वर करून ऐटीत सांगते, लेकीच्या प्रयोगशाळेतला शोध आहे, घामातलं मीठ मोजून अंगातलं पाणी कमी झालं की कळवतो. गिऱ्हाइकं कोळंबीचा भाव विसरून माझा दंड बघतात.

पण तिला जोडलेला तो मोबाइल मेला भारी चोंबडा! तासातासाला सगळ्यांसमोर ओरडायचा, पाणी प्या, पाणी प्या. परवाच्या मंगळवारी समोरच्या बेकरीतली सँड्रा बाहेर आली आणि विचारलंच तिने, की मग पीत का नाहीस. माझं डोकं फिरलं. बोलून गेले, की पहाटेपासून दुपारपर्यंत इथे बसायचं, बायकांना जायला जवळपास संडास नाही, पाणी पिऊन जाऊ कुठे? सगळ्या बाजाराने ऐकलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सँड्रा आत गेली आणि बेकरीच्या मागच्या संडासाची किल्ली आणून माझ्या पाटीत टाकली. वीस वर्षं समोरासमोर बसतोय गं, मी कधी विचारलं नव्हतं. आता आम्ही मासळीवाल्या सहाही जणी घटाघटा पाणी पितो. अँजेलिनाची रोजची डोकेदुखी थांबली, जीभ मात्र दुप्पट चालते. मोबाइलही बुधवारपासून गप्प आहे.

काल तू फोनवर म्हणालीस, पहिल्या आठवड्यात मीठ भलतंच जास्त दिसतंय, खाऱ्या मासळीचा हात लागला असेल, ते आकडे काढून टाकते. मी हो म्हणाले. खोटं बोलले. लहानपणापासून तू विचारायचीस, आई पाणी का नाही पीत, आणि मी म्हणायचे, विसरते. लाज वाटायची गं तुला सांगायला. पट्टी पोलक्याच्या बाहीखाली होती, तिला मासळीचा वाससुद्धा लागला नव्हता. ते मीठ माझंच आहे. आठवडा खोडू नकोस. तुझ्या मोठ्या मॅडमना दाखव, आणि जायला संडास नव्हता हे कारण शेजारी माझ्या नावानिशी लिही.

तुझीच, आता पोटभर पाणी पिणारी,
आई