बांगड्या काढूनच आरा चालवावा

मी देवकाबाई बेवा नत्थूजी उमाटे, वय चौसष्ट, धंदा लाकडी नंदी करणे, राहणार बोरगाव मेघे, तहसील व जिल्हा वर्धा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. राग आला आहे, पण रागाला वेड म्हणत नाहीत.

१. राहते घर मुलगा खुशाल याला मिळावे. पोरगा वाईट नाही, कानाचा हलका आहे.

२. परसातले टिनाचे शेड आणि त्यातला मोटरवरचा गोल आरा सून गोपिका हिला एकटीला मिळावा. खुशालने आरा विकायला पुलगावचे गिऱ्हाईक आणले आहे, त्याला आल्या पावली परत पाठवावे.

कारण लिहिते, नाही तर लोक म्हणतील, बुढीले काई समजत नोतं. औंदा तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी मिरवणाऱ्या पोरांसाठी गोपिका नंदीचे कान कापत होती. बांगड्या काढून ठेवल्या होत्या, मीच तसं शिकवलं. माझी जाऊ लीलाबाई विरजण मागायला आली नि दारातूनच ओरडली, "बाई वो! नवरा जित्ता हाय अन् हात भुंडे? काऊन त्याच्या जिवावर उठली?" खुशाल जेवता जेवता उठून आला. "घाल आदी बांगड्या, मंग काप काय कापाचं ते!" पोरीने घातल्या. बांगडी आऱ्यात अडकली, हात ओढला गेला, डाव्या हाताचं बोट गेलं.

आता तीच लीलाबाई गावभर सांगते, बाईनं मशीनपाशी जाऊच नाई. वा रे वा! करून सवरून नामानिराळी! गोपिका दवाखान्यातून आली ती मला म्हणाली, "मामीजी, बोट गेलं तं गेलं, आरा विकू देऊ नका." म्हणून हा कागद.

३. शेडात येणाऱ्या प्रत्येकावर, घरचा असो की पाहुणा, हे बंधन राहील. हातात बांगडी, अंगठी, राखी काही नको. पदर खोचलेला. लहान तुकडा बोटांनी धरून आऱ्याला लावायचा नाही. कान-शिंगं लांब पट्टीवरच कापावीत, सुटी सगळ्यात शेवटी करावीत. पट्टी तोकडी झाली की लाकडाच्या काडीने सरकवावी. काडी कापली तर दुसरी होते. उरलेलं टोक चुलीत घालावं, तिथे कंजुषी नको. कोणी हाक मारली तर मान वळवू नये, आधी मोटर बंद करावी.

४. लीलाबाईला काही नाही. तेरवीला मात्र जेवू घालावे.

५. खुशाल, हे तुझ्यासाठी. तुझे बाबूजी होते तोवर मी एक दिवस हात मोकळा ठेवला नाही. तापात नाही, बाळंतपणात नाही. हातभर काकणं असून ते गेलेच ना? मग माझ्या बांगड्या फोडल्या, आणि त्यानंतर मी आरा चालवायला लागले तेव्हा या गावात कोणीच काही बोललं नाही. माझ्या मोकळ्या हातांनी मरायला आता कोणी उरलं नव्हतं. गोपिकाला नीट काम करता यावं म्हणून तिला तुझ्या मरणाची वाट पाहायला लावू नको, बाबू.

हे मी कोणाच्या दडपणाखाली लिहिले नाही. दडपण आणणारे आले होते, चहा पिऊन गेले.

सही: देवकाबाई बेवा नत्थूजी उमाटे

साक्षीदार:
रूपराव भोयर, शेजारी
अनुसयाबाई झाडे, भाजीवाली (सही केली आहे, अंगठा नाही)

मुक्काम बोरगाव मेघे, १६ सप्टेंबर १९८४