माइंट्सपर्यंत पाठीवर वारा

डेल्फ्ट, १२ मे

प्रिय येल्मर,

कसा आहेस? मी बरी आहे. अक्षरं मोठी छापली आहेत, म्हणजे आपल्या आईकडून वाचून घ्यावं लागणार नाही. ती पत्र वाचताना प्रत्येकाचा आवाज काढते आणि माझा तिला कधीच जमत नाही.

बातमी अशी की ऱ्हाइनची सहल ठरली. हूक ऑफ हॉलंडच्या समुद्रापासून माइंट्सपर्यंत, नदीकाठच्या सायकलवाटेने, प्रवाहाच्या उलट. बाकीचे सगळे नदीबरोबर खाली येतात आणि उताराच्या आशेवर समोरचा वारा खात बसतात. मी उतार काढून पाहिला. किलोमीटरमागे जेमतेम वीतभर. वारा मात्र वर्षातले बहुतेक दिवस पश्चिमेचा, म्हणजे आपल्या पाठीवर. ऑफिसात कुणालाही हे पटलं नाही. तुला पटेल, कारण वाऱ्याचा हिशोब मला तूच शिकवलास.

आठवडाभर जेवताना समोर नकाशा असतो. काल सूप गार झालं तरी मी कोब्लेंट्सच्या पुढे गेले नव्हते, कारण तिथल्या द्राक्षमळ्यांमधून दोन वाटा आहेत आणि दोन्ही चांगल्या आहेत. मला झोप लागत नाही. हे दुसऱ्या कुणाला सांगू नकोस.

सायकल दोघांची आहे. टँडेम. वाचायचं थांबवू नकोस.

रविवारी चाचणी घेतली. मी पुढे, मागे खेशा आत्या. मला वाटत होतं की तोल सांभाळणं अवघड जाईल. तोल लगेच जमला. अवघड निघालं ते बोलणं. मागच्याला फक्त पुढच्याची पाठ दिसते, म्हणून गतिरोधक, वळण, ब्रेक, गिअर, सगळं पुढच्याने आधी सांगायचं असतं. कालव्यावरचा पूल आला तेव्हा मी काहीच सांगितलं नाही. दणका बसला.

“हिस्के, तोंडात जीभ आहे ना?” आत्या मागून ओरडली.

“सांगणारच होते.”

“कधी, माझ्या अंत्यविधीला? अगं, निदान शिंकून तरी दाखवत जा.”

परत येईपर्यंत मी इतकं बोलले की घसा बसला. आत्या म्हणाली, तुझ्या जन्मापासून तुझ्याकडून एवढं ऐकलं नव्हतं. मग तिने खारट ज्येष्ठमधाच्या गोळ्यांची पुडी माझ्या खिशात कोंबली आणि सांगितलं की या प्रवासात जपायचं तर घशाला जप.

आता तांत्रिक भाग. दोघांचे पाय एकाच साखळीने बांधलेले असतात. मागचा नुसता बसून राहिला तर पुढच्याला पहिल्या फेरीतच कळतं. हलका माणूस पुढे आणि जोरकस माणूस मागे, हीच योग्य मांडणी. आत्याबरोबर मी उड्डाणपूल कसाबसा चढले. माइंट्सच्या आधीच्या दरीत वारा फिरतो. तिथे मला तुझे पाय लागतील.

तू आईला म्हणालास की सायकलचा विषय संपला आणि कुणाच्या मागे सामानासारखं बसून फिरण्यापेक्षा घरी बसलेलं बरं. आईने मला ते तुझ्या आवाजात सांगितलं. तुझा आवाज तिला छान जमतो, म्हणून मी तिला पुढचं विचारलं नाही.

एप्रिलमध्ये डॉक्टरांनी तुझ्या डोळ्यांबद्दल काय सांगितलं ते मला माहीत आहे. समोरचं पुसट होत जाईल, कडेचं राहील. मी त्यावर बरंच वाचलं आणि त्यात मला दुरुस्त करता येण्यासारखं काही सापडलं नाही. म्हणून फोन केला नाही. काय बोलायचं ते मला कळत नव्हतं. आता कळतंय: डावीकडे वळण, समोर गाई, उजवीकडे नदी, जोर लाव. एवढं मी दिवसभर बोलू शकते. त्याच्या पुढचं काही तू विचारलंस तर प्रयत्न करेन. कडेला जे दिसेल ते तू मला सांग, कारण पुढे बसलेल्याला रस्त्यावरून नजर हलवता येत नाही.

येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाला, गुरुवारी पहाटे निघते. लहानपणी त्या दिवशी बाबा आपल्याला दवात सायकली काढायला लावायचे, तशी सगळ्यांचीच रीत, म्हणून अख्खा देश रस्त्यावर असेलच. अर्नहेमपर्यंत मी एकटी येणार, मागची सीट रिकामी. टँडेमवर एकटं माणूस दिसलं की आपले लोक काय ओरडतात ते तुला ठाऊक आहे: “ए पोरी, मागचा कुठे सांडला?” मी सगळ्यांना एकच उत्तर देणार आहे, की तो अर्नहेमला राहतो.

मागच्या सीटची उंची तुझ्या मापाने बसवली आहे. आत्याचे पाय पोचेनात म्हणून तिच्यासाठी खाली घेतली होती, काल परत वर केली. संध्याकाळी तुझ्या दाराशी घंटा वाजवेन. यायचं नसेल तर दार उघडून तसं सांग. मी पाणी भरून घेईन आणि तुझ्यावर न रागावता पुढे जाईन. पण एकटीने ती सायकल माइंट्सपर्यंत जात नाही, येल्मर. मी गणित दोनदा करून पाहिलं.

तुझ्या पायांच्या भरवशावर निघालेली,
हिस्के