नळाचा इलेक्ट्रिक पंच

रविवार, ता. ४ मार्च १९३४
भवानी पेठेतल्या या चाळीत अक्कल असलेला माणूस एकच, आणि तो मी. तरी नळाची पंच कोण? मथुराबाई! सही येत नाही, पण आधी घागर कोणी लावायची ते ही बाई ठरवणार. आज सांगितलं, आमच्या घरची घागर आधी लावू द्या, मी सायन्स टीचर आहे. म्हणाली, टीचर साळंत की, हितं रांग हाय. लोकशाही म्हणतात ती हीच. मला पंच व्हायलाच हवं.

ता. ६
विचार पक्का. पन्नास वर्षांनी कौन्सिल, मेंबर, भाषणं, सगळं भंगारात! घरोघरी बटण. सकाळी सरकार रेडिओवर प्रश्न विचारणार, जेवणाआधी निकाल. मंद्रूपसारख्या खेड्यातला शेतकरी आणि व्हाइसरॉय, दोघांना सारखंच बटण. (शेतकऱ्याने कोणतं दाबायचं ते अर्थात आम्ही सुशिक्षितांनी सांगायचं.) सुरुवात चाळीपासून.

ता. ११
वायरिंग पूर्ण. प्रत्येक खोलीत दोन बटणं. माझ्या बोर्डावर प्रत्येक खोलीसाठी टॉर्चचे दोन बल्ब. पांढरा म्हणजे होय. लाल म्हणजे नाही, रेल्वेच्या सिग्नलप्रमाणे. मी बोर्डापाशी असणार, म्हणून आमचं बटण हिच्याकडे. होय कोणतं ते तीनदा समजावलं. बायकांची बुद्धी!

ता. १८
प्रश्न : मथुराबाईंच्या जागी मास्तर पंच व्हावेत काय?
सगळा बोर्ड लाल.
क्षणभर चरकलो. मग उलगडा झाला. लाल म्हणजे कुंकू! सवाष्णी पांढऱ्याला हात लावतील होय? म्हणजे सर्वांचं मत होयच. निवडून आल्याचं जाहीर केलं. सिद्धप्पा माडीवरून ओरडला, मास्तर, आमच्यात पांढरी विभूती लई शुभ, तरी लालच दाबलंय की! असल्यांना बटण म्हणजे माकडाच्या हाती कोलीत.

ता. २५
रंग बदलले. लाल म्हणजे होय. दारोदार जाऊन सांगितलं. तोच प्रश्न.
सगळा बोर्ड पांढरा. आमच्या खोलीचासुद्धा.
तारा तपासल्या. ठीक. हिला विचारलं, चुकून दाबलंस ना? म्हणाली, चुकून कशाला? लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच काही विचारलंत, म्हणून सांगितलं.
तेवढ्यात मथुराबाईंनी अंगणातून परस्पर दुसराच प्रश्न टाकला : मास्तराच्या घरचं पानी मास्तरानंच भरावं का? मी म्हणालो, असा वाटेल तो प्रश्न घेता येत नाही, आधी लेखी नोटीस लागते. वाक्य संपेपर्यंत बोर्ड लालभडक. आमचा दिवा सर्वांत आधी लागला.

ता. २६, सकाळी
मशीन निर्दोष आहे. माझा नंबर शेवटचा. घागर खांद्यावर घ्यायची की कमरेवर, ते हिला विचारलं पाहिजे.