सोमवारचा उतार

तीर्थस्वरूप ताईच्या चरणी (दुखरा गुडघा वगळून) साष्टांग नमस्कार.

तुझी तब्येत ठीक असेलच, आणि नसली तरी तू कळवणार नाहीस, हे मला साठ वर्षांपासून माहीत आहे. माझी ठणठणीत आहे. गेल्या पत्रात तू मला दम भरला होतास की, ही गेल्यापासून मी पार घरकोंबडा झालोय. मी दोन दिवस दिसलो नाही तर दार वाजवतील अशी चार माणसं सहा महिन्यांत जोडून दाखवायची, नाहीतर घराला कुलूप लावून मुकाट्यानं तुझ्याकडे राहायला यायचं. ताई, मला हे घर सोडायचं नाही गं. हिनं लावलेले पडदे अजून त्याच खिळ्यांवर आहेत. तेव्हा मी कंबर कसली (कसताना उसण भरली, पण ते जाऊ दे).

चौकातल्या वाचनालयाच्या माडीवर ज्येष्ठांचा क्लब आहे. तिथे मी तीन संध्याकाळी चहाचा कप धरून भिंतीला टेकून उभा राहिलो. कुणी ढुंकून पाहिलं नाही. चौथ्या दिवशी एका बाईंनी आपला रिकामा कप माझ्या हातात दिला (त्यांना मी वाढपी वाटलो). या बाई क्लबच्या चिटणीस, टपालखात्यातून निवृत्त झालेल्या, म्हणून सगळे त्यांना टपालबाई म्हणतात. दोन्ही कप घेऊन मी बिलियर्ड्सच्या टेबलापाशी सरकलो आणि बघतो तर काय, कुणी हात न लावता एक चेंडू आपला आपण खिडकीकडे निघालाय! चाळीस वर्षं कारखान्यांतून यंत्रं बसवलेला माणूस मी. केसभर उतार दिसला तरी मला जेवण जात नाही. दुसऱ्या दिवशी क्लब उघडल्याबरोबर पाणसळ आणि गाडीचा जॅक घेऊन गेलो, आणि पाणसळीतला बुडबुडा बरोबर मधोमध येईपर्यंत खिडकीकडच्या दोन्ही पायांखाली पत्र्याच्या चकत्या सारल्या. (कुणाला विचारलं का? नाही. कारखान्यात यंत्राला विचारून कधी काम केलं होतं?)

त्या संध्याकाळी दातांच्या डॉक्टरांचा एक चेंडू खळग्यात जाईल तर शपथ! हे गृहस्थ सहा वर्षं क्लबचे अजिंक्यवीर. त्यांनी चष्मा पुसला, काठी बदलली, खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याला शिव्या घातल्या. इकडे आमचा शिंपी, ज्याला आयुष्यात सुईत दोरा सोडून नेम म्हणून साधला नव्हता, तो तीनदा जिंकला. मग मला राहवलं नाही. छाती फुगवून मी चकत्यांची कहाणी सांगितली. काय जल्लोष झाला म्हणतेस! शिंप्यानं मला कडकडून मिठी मारली, वाचनालयाचे ग्रंथपाल धावत वर आले आणि शांतता राखायला सांगायचं विसरून टाळ्या वाजवू लागले. डॉक्टर मात्र कोट घेऊन निघून गेले आणि पुढचे चार दिवस फिरकले नाहीत. तेव्हा टपालबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अहो, त्यांनाही घरी कुणी नाही. दिवसभरात एवढी एकच जागा होती त्यांना." मग कळलं, ताई. स्वतःची संध्याकाळ भरायला मी दुसऱ्याची रिकामी करून ठेवली होती.

तडक त्यांच्या घरी गेलो. त्यांनी दार उघडलं, माझं तोंड बघितलं आणि म्हणाले, "डावीकडची दाढ हलतेय. बसा." माफी मागायला गेलेला तुझा भाऊ अर्धा तास आ करून त्यांच्या जुन्या दवाखान्याच्या खुर्चीत! आणि मला बोलता येत नाही असं बघून तेच बोलले. टेबल उतरतं आहे हे त्यांना पहिल्याच महिन्यात कळलं होतं. पण सांगितलं असतं तर सगळेच बरोबरीला आले असते, आणि त्यांना दुसऱ्या कशात कुणी मानत नव्हतं. शेवटी तह झाला, आणि क्लबनं तो हात वर करून मंजूर केला: दर सोमवारी मी चकत्या काढायच्या, मंगळवारी परत घालायच्या. सोमवारी डॉक्टर जिंकतात, सगळे हळहळतात, आणि ते मान ताठ करून घरी जातात. ते काम माझ्याशिवाय कुणाला जमत नसल्यानं मी आता क्लबचा तांत्रिक सल्लागार आहे.

आणि तुझी परीक्षा! गेल्या आठवड्यात मला सडकून ताप भरला आणि मी दोन दिवस गेलो नाही. दुसऱ्या संध्याकाळी दारावर थाप पडली. टपालबाई, डॉक्टर, शिंपी, ग्रंथपाल. मोज. बरोबर चार. तेव्हा तुझ्याकडे राहायला येण्याचा विषय आता बंद.

तुझा विजयी धाकटा
(वय सदुसष्ट, दाढा एक कमी)

ता. क. ताप नव्हता. पडदे ओढून नुसता पडलो होतो, कोण येतं ते बघायला. डॉक्टरांनी जीभ बघून लबाडी ओळखली. मग चौघांनी मला यथेच्छ झापलं आणि घरातली सगळी बिस्किटं संपवून गेले.

आणखी एक ता. क. तुझी चार माणसांची अट त्यांना सांगत होतो, तेव्हा टपालबाईंनी विचारलं, "आणि ताईंचं दार कोण वाजवतं?" ते गेल्यावर मी तुझी पत्रं काढून पुन्हा वाचली. 'माझ्याकडे ये' असं तू तीन पत्रांत लिहिलंस, आणि मला वाटलं, तुला माझीच काळजी आहे. चुकलोच मी. इकडची खोली झाडून ठेवली आहे, आणि सोमवारी गुण मांडायला कुणाची भीडभाड न ठेवणारं माणूस हवंय. निदान दोन महिने ये. टपालबाईंच्या हिशेबानं हे पत्र तीन दिवसांत पोचेल. आठवड्यात तुझं उत्तर आलं नाही, तर आम्ही पाचही जण येऊन तुझं दार वाजवणार आहोत.