सम्राट गेला, नियम राहिला

२९ ऑक्टोबर १९१८
सम्राट गेला! चारशे वर्षांचं राज्य बुडालं आणि मला कळलं पावाच्या रांगेत. वोयतेखने भर चौकात मला उचलून गरगर फिरवलं — सहा वर्षं साखरपुड्यावरच अडकलोय! लग्न केलं की शिक्षिकेची नोकरी जाते, हा व्हिएन्नाचा कायदा. आता व्हिएन्ना गेली खड्ड्यात. नाताळात लग्न!

३० ऑक्टोबर
हेडमास्तर क्वापिलांनी स्वतः शिडीवर चढून शाळेवरची सम्राटाच्या दोन डोक्यांच्या गरुडाची पाटी उतरवली. सम्राटासारखे राखलेले कल्लेही सफाचट — तोंड सोललेल्या बटाट्यासारखं दिसतंय. मी लगेच लग्नाचा विषय काढला.
"बोहुमिलाबाई, प्रागच्या नव्या सरकारचा हुकूम आहे. जुने कायदे तूर्त चालूच."
"अहो, पण ज्याचे कायदे तोच उरला नाही!"
"म्हणून काय झालं? कायद्यांनी कुणाचं काय घोडं मारलंय?"
माझं मारलंय की!

११ नोव्हेंबर
संत मार्टिनाचा सण. वोयतेखकडे हंसाचं जेवण. शाळेचा गरुड त्याने कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून ठोकलाय. हंसाचे वाटे त्याच्या आईने केले. कुणी काही मागायचं नाही, पानात पडेल ते खायचं. मला मान मिळाली.

४ मार्च १९१९
प्रजासत्ताकाचा नवा इन्स्पेक्टर येणार, येणार — आला कोण? जुनाच झाहरादका! टोपीवरचा बिल्ला तेवढा नवा. तो आत आला, पोरं सवयीने ताडकन उठली आणि सम्राटाला उदंड आयुष्य मागणारं गाणं सुरू! क्वापिल पांढरेफटक. झाहरादकासाहेब मात्र सावधान उभे राहिले, दुसऱ्या कडव्याला तर त्यांनीही सूर धरला. मग भानावर येऊन खाकरले. "उच्चार स्वच्छ आहेत हो."
तेवढ्यात मी लग्नाचं विचारून घेतलं.
"थांबा बाई. एवढी वर्षं थांबलात ना?"
मेल्याला काय जातंय बोलायला!

२ एप्रिल
क्वापिलांचे कल्ले पुन्हा उगवताहेत.

२६ जुलै
कायदा रद्द!! शिक्षिकांना लग्नाची मुभा! चपला हातात घेऊन वोयतेखकडे धावले. त्याची आई शेवया कापत होती. मान वर न करता म्हणाली, "सरकारनं सोडलं असेल. या घरातली सून नोकरी करत नाही."
मी वोयतेखकडे पाहिलं. तो खुराड्याकडे पाहत होता.
"मिला, आईपुढे मी काय बोलणार? सोड ना शाळा."

२७ जुलै
अंगठी परत दिली. खूप रडले. सप्टेंबरात तिसरीचा वर्ग मीच घेणार.