तेरा भाग, सगळे बुळबुळीत

४ जानेवारी, शनिवार

शेवटी बोलावणं आलं. समुद्रातल्या जीवसृष्टीवर टीव्हीसाठी तेरा भागांची मालिका. निवेदक मी. कॅमेऱ्यासमोर मी आणि मागून आवाजही माझाच. एकोणीस वर्षं संध्याकाळच्या बातम्या वाचून घेतल्या आणि मग दोन वर्षं घरी बसवलं. आता चॅनलला आपली चूक कळली. दिग्दर्शक म्हणतो, त्यांना दुसरं कुणी नकोच होतं. दिग्दर्शक हा हिचा धाकटा भाऊ आहे, पण तो निव्वळ योगायोग.

संकल्प. रोज समुद्रशास्त्राची वीस पानं. पोहायला शिकणे. किळस सोडणे. किळस हा मनाचा खेळ असतो. मासळीचं दुकान दिसलं की मी रस्ता ओलांडतो हे मेव्हण्याला सांगितलेलं नाही. सांगायची गरजही नाही.

अकरा खिशांचं जाकीट घेतलं. ही म्हणाली, अकरा खिशांत ठेवणार काय? सध्या एकात रुमाल आहे.

७ जानेवारी

पुस्तकाची चार पानं झाली. पाचव्या पानावर रंगीत फोटो. नुकताच जेवलो होतो. पुस्तक पालथं घातलं.

९ जानेवारी, गुरुवार

संशोधन केंद्रात पहिला दिवस. लांबोडकी खोली, दोन्ही बाजूंना काचेच्या टाक्या, खाली कायमची ओली फरशी. वास असा, की मोज्यात अंडं ठेवून महिनाभर विसरावं. या खोलीत शास्त्रज्ञ बाई सत्तावीस वर्षं काम करतात, आणि स्वखुशीने. बारीक अंगाच्या, पायांत रबरी बूट, बाह्या दुमडलेल्या. हात पुढे केला तो कोपरापर्यंत ओला. मी लांबूनच नमस्कार केला.

बाईंनी मला न विचारता माझ्या तळहातावर समुद्रकाकडी ठेवली. हा प्राणी आहे. नावावरून फसू नये. मेव्हणा म्हणाला, भावोजी, जरा हसा, कॅमेरा चालू आहे. मी हसलो. काकडीला ते आवडलं नसावं. तिने आपली आतडी बाहेर टाकली. सगळी. माझ्या तळहातावर, मनगटावर आणि दोन खिशांत.

बाई म्हणाल्या, घाबरली बिचारी. संकट आलं की ती आतडी टाकून देते, काही आठवड्यांत पुन्हा नवी येतात. माझी विचारपूस कुणी केली नाही.

हात सात वेळा धुतले.

१० जानेवारी

हाताला अजून वास आहे. ही म्हणते, नाही येत. हिचं नाक पहिल्यापासूनच मंद.

१४ जानेवारी

बाईंनी लिहिलेली स्क्रिप्ट आली. वाचून शिसारी आली. पहिल्याच भागात ‘विष्ठा’ सहा वेळा, ‘चिकट’ अकरा वेळा, आणि एक शब्द असा की मी तो या वहीतही लिहिणार नाही. लोक जेवता जेवता टीव्ही बघतात, एवढं साधं भान नको?

लाल पेन घेऊन बसलो. पोपटमासा म्हणे प्रवाळ कुरतडून खातो आणि मागच्या बाजूने बारीक पांढरी वाळू टाकतो. लोक सुट्टीत ज्या शुभ्र वाळूवर लोळतात त्यातली बरीचशी अशी आलेली. मी दुरुस्ती केली : “ही शुभ्र वाळू म्हणजे पोपटमाशाने मानवाला दिलेली अनमोल भेट.” तारामासा स्वतःचं जठर तोंडावाटे बाहेर काढतो, शिंपल्याच्या फटीत सरकवतो आणि तिथेच जेवण पचवतो. मी लिहिलं : “तारामासा भोजनात रमतो.”

बाईंनी शांतपणे विचारलं की भेट नेमकी कुठून दिली. असल्या प्रश्नांना मी उत्तर देत नाही.

२१ जानेवारी, सकाळी ६.३०

बोटीवर. कॅमेरावाल्याच्या मते समुद्र तळ्यासारखा शांत. मी नाकाखाली बाम लावून सज्ज. माझं वाक्य : “अथांग निळाईच्या कुशीत आज आपण शिरत आहोत.”

दुपारी २.००. ‘अथांग’पर्यंत पोहोचलो. मग कठड्याकडे जावं लागलं. एकूण नऊ वेळा. कारण डिझेलचा धूर. समुद्राचा यात काही संबंध नाही.

२२ जानेवारी

मी कठड्याला ओणवा असताना खाली पाण्यातला कॅमेरा चालूच होता. मी जे काही समुद्राला अर्पण केलं त्यावर चांदीसारखे मासे धावून आले. शेकड्यांनी. वळत होते, चमकत होते, खात होते. मेव्हणा म्हणतो, आजवरच्या शूटिंगमधला हा सगळ्यात देखणा शॉट. बाईंनी त्यावर लगेच वाक्यही लिहिलं : “समुद्रात काही वाया जात नाही.”

आणि हेच मासे लोक विकत घेऊन खातात. विचार करूनच दोन वेळा न्हाणीघरात गेलो.

विज्ञानाला माझा हातभार लागला असं म्हणता येईल. हात नव्हे, पण ते असो.

३० जानेवारी

कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं नाही असं ठरवलं. मेव्हणाही नेमकं तेच म्हणाला. किंबहुना तो आधी म्हणाला, पण माझ्या मनात होतंच. यापुढे पडद्यावर बाई दिसणार. चेहरा काय, कुणीही देतं. आवाज हा मालिकेचा आत्मा. आत्म्याने टाकीत हात घालायचा नसतो.

५ फेब्रुवारी

पोहण्याच्या तलावावर गेलो. काठापर्यंत. पाण्यात कुणाचा तरी लांब केस तरंगत होता. परत आलो. संकल्प कायम आहे.

१२ फेब्रुवारी

रेकॉर्डिंग. गादी ठोकलेल्या भिंती, माइक, कोमट पाण्याचा ग्लास. इथे मी राजा. फक्त समोर पडद्यावर चित्रं चालू ठेवतात, तेवढं सोडलं तर. आज हॅगफिश नावाचा मासा. मेलेल्या देवमाशाच्या अंगात शिरून आतून पोखरत खातो. कुणी पकडलं तर अंगातून बुळबुळीत चिकटा सोडतो. वाक्य होतं : “एका क्षणात बादलीभर.” मी ‘बादलीभर’वर उमासा येऊन थांबलो. चौदा टेक, चौदा उमासे. आवाजवाल्याने काचेपलीकडून विचारलं की काका, खरी बादली आणू का?

ठरलं असं : माझा घसा बरा होईपर्यंत बाई गाइड ट्रॅक वाचतील. म्हणजे एडिटिंगला अंदाज यावा म्हणून कच्चा आवाज. नंतर तो पुसून माझा चढवायचा. घराला रंग देण्याआधी चुना मारतात, तसा. बाई चुना.

१८ फेब्रुवारी

बाईंना चुनाही धड मारता येत नाही. शेजारणीशी बोलल्यासारख्या वाचतात. चढ नाही, उतार नाही, पॉज तर नाहीच. माझ्यातला गुरू गप्प बसेना. पहिल्या दोन भागांच्या वेळी शेजारी बसून शिकवलं. छातीतून आवाज काढा. ‘अथांग’मधला ‘थ’ बेंबीतून आला पाहिजे. त्यांनी ऐकलं, मान डोलावली आणि दाणे खाल्ले. त्याच हातांनी. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

तिसऱ्या भागापासून त्या म्हणाल्या, तुम्ही कशाला त्रास घेता. पालथ्या घड्यावर पाणी.

२ मार्च, रविवार

ही भावाबरोबर केंद्रात जाऊन आली. समुद्रकाकडी हातात घेतली म्हणे. काकडीने काहीही केलं नाही. गार होती, आणि तिच्या बारीक बारीक पायांच्या गुदगुल्या झाल्या, असं ही मला हात पुढे करून सांगत होती. मी आधी साबण लाव म्हटलं. ही आत निघून गेली.

माझं पुस्तक हिच्या उशाशी आहे. खूण एकशे चाळीसाव्या पानावर.

९ मार्च

चॅनलने कच्चे भाग पाहिले. बेहद्द खूश. आवाजात फार जवळीक आहे म्हणाले. मी मेव्हण्याला म्हटलं, एकोणीस वर्षांची तपश्चर्या आहे ती. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की माझा आवाज अजून चढवलेलाच नाही. तरी शिकवणाऱ्याचं श्रेय उरतंच.

१५ मार्च

चॅनलला पाच पानी पत्र. मालिकेतून प्राणी काढावेत. लाटा, क्षितिज, ढग आणि माझा आवाज. स्वच्छ, घरात सगळ्यांना बघता येईल असा समुद्र. खर्चही कमी.

१९ मार्च

उत्तर आलं. “आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.” चिन्हं चांगली आहेत.

२२ मार्च, शनिवार

मेव्हणा आला. सोफ्याच्या कडेवर बसला, चहाचा कप बशीत गोल गोल फिरवत राहिला. मग म्हणाला की गाइड ट्रॅकच ठेवायचा ठरलंय. तेराही भाग. मी म्हटलं, चुन्यावर घर सोडणार? त्याला काही कळलं नाही.

मी त्याला समजावलं की मी पूर, अपघात, आगी, सगळं वाचलं आहे. एकही बातमी आवडली नव्हती, तरी आवाज कधी हलला नाही. तो खाली बघून बोलला.

“भावोजी, तुम्हाला त्या जिवांची किळस येते, आणि ती ऐकू येते. बाईंना माया आहे. तीपण ऐकू येते.”

तो गेल्यावर मी हिला सुनावलं. तुझ्या भावाला वर कोणी विचारत नाही, चॅनलने स्वतः मला मागून घेतलं होतं, मी सरळ वरच जाणार. ही कपडे घड्या करत होती. हातातला टॉवेल तसाच धरून म्हणाली :

“चॅनलने नव्हतं मागितलं. मी त्याच्या मागे लागले होते. तुम्ही दोन वर्षं खिडकीशी बसून औषधांच्या पाकिटांवरचा मजकूर मोठ्याने वाचत होता. मला ऐकवेना.”

पाकिटांवरची नावं उच्चारायला अवघड असतात. तो सराव होता. हे हिला सांगायचं राहिलं.

२३ मार्च

वर गेलो नाही. सर्दी आहे.

१० एप्रिल, गुरुवार

पहिला भाग. बघायचा नाही असा पक्का निश्चय. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून पाणी पीत होतो, तेवढ्यात दिसला तेवढा दिसला. अठ्ठेचाळीस मिनिटं दिसला. चार ग्लास झाले.

तो चांदीचा शॉट आला. सगळा पडदा झळाळला. लेक म्हणाली, बाबा, किती सुंदर! मासे एवढे आनंदाने काय खातायत? मी म्हटलं, असतं काहीतरी समुद्रात.

शेवटच्या नावांत मी ‘विशेष आभार’मध्ये. बोट चालवणाऱ्याच्या खाली.

१ मे

आता दर गुरुवारी मालिका लागली की घरात कुणी कुणाशी बोलत नाही. आज ऑक्टोपसची आई. अंडी घालते आणि त्यांच्यापाशी बसून राहते. काही खात नाही, हलत नाही, नुसतं त्यांच्यावरून पाणी फिरवत राहते. पिल्लं बाहेर पडायच्या सुमाराला ती मरते. घाणेरडा प्राणी, आठ हात, सगळीकडे चिकटून बसणारी चोषकं. बाईंनी ते ‘आज भाजी संपली’ म्हणावं इतक्या साध्या सुरात सांगितलं. पॉज घेतला नाही. मी तिथे मोठा पॉज घेतला असता.

नंतर तोंड धुवायला गेलो. डोळ्यात काहीतरी गेलं होतं. ही दाराशी आली, टॉवेल दिला आणि गेली.

संकल्प. पुस्तक पाचव्या पानापासून पुढे.

६ मे

सहावं पान.

१२ मे, सोमवार, संध्याकाळी

दाढ दुखत होती म्हणून दुपारी दंतवैद्याकडे. बाकावर शेजारी एक आजी, गाल सुजलेला. मी नर्सला माझा नंबर विचारला, तर आजी वळून म्हणाल्या, किती स्वच्छ बोलता हो तुम्ही, टीव्हीवर असता का? दोन वर्षांत कुणी असं विचारलं नव्हतं. मी सरळ बसलो. म्हटलं, समुद्रावरच्या मालिकेशी माझा संबंध आहे.

आजी एकदम खुलल्या. घरी सगळे बघतात म्हणाल्या. नातवंडं जेवायची थांबतात आणि सूनबाई फोन उचलत नाही. आणि त्या बाई तर अशा बोलतात की आपल्या शेजारी बसून शेंगा सोलतायत वाटावं.

तेव्हा माझ्याने राहवलं नाही. अगदी हळू, कुणाला मोठेपणा वाटू नये असं म्हणालो, “त्यांना बोलायला मी शिकवलं.”

आजींनी सुजलेल्या गालावर हात ठेवून माझ्याकडे नीट पाहिलं. विचार केला.

“तरीच,” त्या म्हणाल्या. “पहिल्या दोन भागांत मधूनच कशातरी बोलायच्या. आता विसरल्या वाटतं. छान बोलतात.”

तेवढ्यात माझा नंबर आला. आत गेलो. डॉक्टर म्हणाले, आ करा. केला. पुढे अर्धा तास काही बोलता आलं नाही. बरंच झालं.